‘मोटर जळली’ ऐकण्याआधी: पंखा, मिक्सर, कूलर आणि गीझर घरीच तपासायचे कसे

गुढी उतरली की इंदूरमध्ये माळ्यावरचा कूलर खाली उतरतो. सात-आठ महिने धूळ खाल्लेला पंखा बटण दाबल्यावर नुसता गुणगुणतो, पंप पाणी चढवत नाही, आणि दुकानात नेलं की दोन शब्दांत निकाल लागतो: ‘मोटर जळली.’ कधी ते खरंही असतं. पण पुष्कळदा मोटर शाबूत असते आणि तिच्या शेजारचं शंभर-दीडशे रुपयांच्या आतलं काहीतरी गेलेलं असतं: कपॅसिटर, कार्बन, बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी), थर्मल स्विच, नाहीतर प्लगच्या तोंडाशी आतून तुटलेली वायर.

म्हणून तपासण्याचा क्रम पक्का ठेवायचा. आधी सॉकेटमध्ये वीज येते का ते बघा, मग वायर, मग स्विच आणि ओव्हरलोड (भार वाढला की वीज तोडणारं बटण), मग कपॅसिटर किंवा कार्बन, मग बेअरिंग किंवा बुश. वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारांची गुंडाळी, सगळ्यात शेवटी. दुकानदार हा क्रम बहुधा उलटा धरतो, कारण रिवाइंडिंगमध्ये पैसा आहे आणि कार्बन बदलण्यात नाही. त्यात त्याची लबाडीच असते असं नाही, गिऱ्हाइकालाही ‘मोटर’ हा शब्द लगेच पटतो.

हत्यारं थोडी, पण मल्टिमीटर हवाच

चपटा आणि चार धारी पेचकस, पक्कड, टेस्टर, इन्सुलेशन टेप, जुना टूथब्रश आणि शून्य नंबरचा पॉलिश पेपर. यात एका डिजिटल मल्टिमीटरची भर घाला, पण तो कपॅसिटर मोजणारा घ्या. सगळ्यांत स्वस्त मॉडेलमध्ये ती सोय नसते आणि घरातल्या पंख्या-पंपांची अर्धी दुखणी तिथेच कळतात. इंदुरात हे सगळं महाराणी रोडवर मिळतं. नट-बोल्ट, वायसर, बेअरिंग असं लोखंडी सामान सियागंजात बघा. जुना भाग खिशात घालूनच निघायचं. ‘मिक्सरचा कार्बन द्या’ म्हणून कोणी देऊ शकत नाही. मापं डझनभर असतात.

टेस्टरवर फार विसंबू नका. त्याचा दिवा लागला म्हणजे फेज आहे एवढंच कळतं, न्यूट्रल आहे की नाही ते कळत नाही. उपकरण लावलेलं असताना बोर्डावर दुसऱ्या सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटला तर न्यूट्रल तुटलेला आहे. उपकरण ठीक आहे, वायरिंगवाल्याला बोलवा. पहिल्या वादळी पावसात याचाच मोठा अवतार दिसतो: घरातले काही दिवे एकदम लख्ख पेटतात, काही मिणमिणतात. खांबावरचा न्यूट्रल सुटल्याची ही खूण आहे. अशा वेळी २३०च्या जागी ३०० व्होल्टच्या वरही दाब येऊ शकतो आणि टीव्ही, फ्रीज, चार्जर एका झटक्यात जातात. विचार करत बसू नका, मेन स्विच पाडा आणि वीज तक्रारीच्या १९१२ला फोन करा.

उघडण्याआधी प्लग भिंतीतून काढा, स्विच बंद करण्यावर भागवू नका. आपल्याकडच्या जुन्या वायरिंगमध्ये स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेला पुष्कळदा सापडतो. मग बटण बंद असूनही आत वीज खेळत असते. पंख्याला प्लग नसतो, त्यासाठी त्या खोलीचा एमसीबी पाडा आणि घरच्यांना सांगून ठेवा. कपॅसिटर असलेल्या वस्तूत वीज काढल्यावरही थोडा वेळ भार राहतो. त्याची दोन टोकं इन्सुलेटेड पेचकसाने एकमेकांना जोडा, मगच हात लावा.

वाइंडिंग खरोखर गेलं का हे कळायला दोन मापं पुरतात. प्लग काढून उपकरणाचं बटण चालू ठेवा आणि प्लगच्या दोन पिनांत ओहम मोजा. छताच्या पंख्याचे (त्याच्या दोन वायरींत) काहीशे ओहम येतात, मिक्सरचे त्याहून बरेच कमी, दोन किलोवॅटच्या गीझरचे साधारण २६. अजिबात काही आलं नाही तर कुठेतरी तुटलं आहे, पण तुटलेलं वाइंडिंगच आहे असं लगेच मानू नका, आधी वायर आणि ओव्हरलोड बघा. दुसरं माप त्याच दोन पिना (जाडी अर्थची पिन नव्हे) आणि धातूचं अंग यांच्यात. इथे काहीही दिसता कामा नये. दिसलं तर वीज अंगात उतरते आहे, ते उपकरण त्याच दिवशी बाजूला ठेवा. नाकही कामाचं आहे. जळलेल्या वाइंडिंगच्या वार्निशचा वास उग्र असतो आणि दोन दिवसांनीही जात नाही. कार्बनच्या ठिणग्यांचा वास हलका, फटाक्यासारखा, आणि खिडकी उघडली की निघून जातो.

छताचा पंखा

हळू फिरणाऱ्या पंख्यात बहुतेक वेळा कपॅसिटर उतरलेला असतो. वर छताजवळच्या वाटीत (काही पंख्यांत खालच्या वाटीत) अंगठ्याएवढी चौकोनी किंवा गोल डबी असते. तिच्यावर बहुधा २.५ मायक्रोफॅरड आणि ४४० व्होल्ट छापलेलं असतं. मोजून १.८ आला तर पंखा ‘पाच’वर असूनही ‘तीन’सारखा फिरणार. अजिबात सुरू न होणारा, पण काठीने ढकलल्यावर ढकलाल त्या दिशेने फिरू लागणारा पंखा म्हणजे कपॅसिटर पूर्ण संपला.

बदलताना आधी मोबाइलवर फोटो काढा. वायरींच्या रंगांवर भरवसा नको, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे असतात. जुन्या कपॅसिटरच्या दोन वायरी सोडवा आणि नव्याच्या दोन त्याच जागी जोडा. या दोन वायरी अदलाबदल झाल्या तरी बिघडत नाही, पण मोटरकडून येणाऱ्या तीन वायरींमध्ये गल्लत झाली तर पंखा उलटा फिरतो किंवा तापतो. ‘३.१५चा टाका, जोरात फिरेल’ असा सल्ला दुकानात हमखास मिळतो. फिरतोही. पण सहायक वाइंडिंगमधून जास्त करंट जातो आणि मे महिन्यात रात्रभर चालणारा पंखा त्याची किंमत वसूल करतो. छापलेला आकडा तोच ठेवा. व्होल्ट तेवढेच किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत.

एक ते चारवर बंद आणि पाचवर नीट चालत असेल तर दोष रेग्युलेटरचा, पंखा उतरवायची गरज नाही. खरखर येत असेल तर वीज बंद करून पाती हाताने फिरवा. खडखड हाताला जाणवली तर बेअरिंग. पुष्कळ पंख्यांत ६२०२ नंबरचं असतं, पण जुन्यावर कोरलेला नंबर वाचूनच घ्या आणि दोन्ही बाजूंचं एकदम बदला. डुलणाऱ्या पंख्याचं कारण निराळं: पात्यांचे स्क्रू ढिले, किंवा एक पातं वाकलेलं. पंखा वर असेपर्यंत दांडीच्या बोल्टमधली चिमटा-पिन जागेवर आहे ना, हे बघून घ्या. ती गळलेली असली तर नट हळूहळू सुटत जातो आणि पंखा खाली येतो.

बीएलडीसी (वीज कमी खाणाऱ्या नव्या) पंख्याचं शास्त्र वेगळं. तो ३० वॅटच्या आसपास चालतो, त्यात हा कपॅसिटर नसतो, आत एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो. जुना भिंतीवरचा रेग्युलेटर त्याच्या वाटेतून काढून टाकावा लागतो. राहिला तर बोर्ड लवकर मरतो आणि वॉरंटीवाला हात झटकतो. रिमोटला दाद देत नसेल तर सेल बदला, मग पाच मिनिटं वीज बंद ठेवून पुन्हा लावा. एवढ्यावर नाही उठला तर बोर्ड गेला. तो अख्खा बदलतात.

मिक्सर

मराठी घरातल्या मिक्सरचे दोन वैरी: थंड पुरण आणि इंदूरला आल्यावर भुट्ट्याचा कीस. दोन्ही चिकट. पात्याभोवती पोकळी होते, बाकीचा गोळा तसाच राहतो आणि मोटर अडून तापते. पुरण गरम असतानाच वाटा. भांडं अर्ध्याहून जास्त भरू नका. दोन मिनिटं चालवलं की तेवढाच वेळ थांबा. मिक्सरच्या बुडाला ३० मिनिटांचं रेटिंग लिहिलेलं असतं, ते सलग चालवण्यासाठी नसतं. मधली विश्रांती धरून असतं, बहुतेक पुस्तिकांत पाच मिनिटं चालू, दोन बंद.

चालता चालता गप्प झाला तर बुडाचं लाल बटण आधी बघा. ओव्हरलोडने ते बाहेर उडालेलं असतं. भांडं रिकामं करा, दहा मिनिटं थंड होऊ द्या, मग दाबा. लगेच दाबलं तर राहत नाही आणि लोक समजतात बिघडलं. रिकाम्या भांड्यानेही बटण पुन्हा उडत असेल तर बेअरिंग जाम आहे किंवा वाइंडिंगमध्ये शॉर्ट.

लाल बटण जागेवर, वीज येते, तरी मिक्सर मुका: कार्बन बघायची वेळ झाली. ठिणग्या वाढल्या, मध्येच बंद पडून टपली मारल्यावर चालू होऊ लागला, ही त्याची पूर्वसूचना असते. मिक्सर उलटा करा, बुडाचे चार स्क्रू काढा. मोटरच्या खालच्या भागात तांब्याच्या पट्ट्यांचं नळकांडं दिसेल, ते कम्युटेटर. त्याला दोन समोरासमोरच्या बाजूंनी टेकलेल्या पितळी घरांत दोन काळे ठोकळे असतात, मागे स्प्रिंग. ते कार्बन. टोपी किंवा क्लिप काढली की स्प्रिंगसकट बाहेर येतात, उडून चुलीखाली जातील म्हणून अंगठा वर ठेवा. लांबी पाच-सहा मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर बदला, आणि एकच झिजलेला असला तरी जोडी बदला. नवा ठोकळा घरात अलगद सरकला पाहिजे. अडकत असेल तर पॉलिश पेपरवर बाजू घासून बारीक करा. घट्ट बसलेला कार्बन झिजल्यावर पुढे सरकत नाही आणि महिनाभरात तीच तक्रार परत येते.

तिथे हात गेलाच आहे तर कम्युटेटरही बघा. तपकिरी चकाकी असेल तर उत्तम, तिला हात लावू नका. काळा थर असेल तर शून्य नंबर पेपरची बोटभर पट्टी त्यावर हलकेच धरून शाफ्ट हाताने फिरवा आणि पट्ट्यांच्या मधल्या खाचांतली काळी भुकटी टूथब्रशने काढा. एखाद-दुसरी पट्टीच जळून खोल गेली असेल आणि ठिणगीचं कडं सगळीकडून फिरत असेल, तर मात्र आर्मेचर (मोटरचा फिरणारा गाभा) गेलं. तेव्हा दुकानदाराचं वाक्य खरं. जुन्या ५०० वॅटच्या मिक्सरचं आर्मेचर बदलायचं की नवा घ्यायचा, हा हिशेब त्याच वेळी करा. दोन नवी भांडी आणि आर्मेचर मिळून नव्याच्या निम्म्यावर जात असतील तर सोडून द्या.

मोटर आवाज करते पण पातं फिरत नाही, रबराचा जळका वास येतो: कपलर झिजला. वरचा काळा फुलासारखा तुकडा. तो सोडवताना लोक दात तोडून घेतात, कारण उलट्या दिशेने जोर लावतात. नियम सोपा आहे: मिक्सर ज्या दिशेने फिरतो, त्याच दिशेने कपलर फिरवला की सुटतो. चालताना भार त्याला विरुद्ध दिशेने घट्ट करत असतो, आटे त्याच हिशेबाने पाडलेले असतात. खालून शाफ्ट धरावा लागतो. बहुतेक मोटरींच्या शाफ्टच्या टोकाला पेचकस बसेल अशी खाच असते. भांड्याखालचा कपलरही झिजला असेल तर दोन्ही बदला, नवा आणि जुना एकमेकांना खातात.

मिक्सरचं आयुष्य सगळ्यात जास्त कशाने घटतं? भांड्याच्या बुशने. भांडं उचलल्यावर खाली करडं-काळं पाणी दिसतं, चटणीत मधूनच काळपट डाग येतो, पातं हाताने हलवलं की लुडबुडतं. म्हणजे बुश गेला, खालचं रबर संपलं. हे पाणी सरळ मोटरच्या बेअरिंगवर पडतं आणि तिथून ‘मोटर जळली’ची सुरुवात होते. बुश आणि रबर भांड्याच्या दुकानातच, बर्तन बाजाराच्या बाजूला, बसल्या बसल्या बदलून देतात. घरी बसवायला छोटा प्रेस लागतो, हातोडीने ठोकलेला बुश तिरका बसतो. हे काम बाहेर द्या.

कूलर: दोष पाण्याचा, शिव्या मोटरला

इंदूरच्या एप्रिल-मे महिन्यांत हवा कोरडी असते, म्हणून कूलर चालतो. जूनच्या पावसात तोच निव्वळ दमट वारा देतो, त्यात बिघाड काही नाही. आणि खिडकी बंद करून कूलर लावणाऱ्यांना दुरुस्तीची गरज नसते, खिडकी उघडायची गरज असते. आत आलेली दमट हवा बाहेर गेली तरच पुढची थंड होते.

कूलरच्या दुखण्यांचं मूळ पाण्यात आहे. कूलर पाणी उडवतो, क्षार उडवत नाही. बोरिंगच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅम क्षार धरले, तर १०० लिटर पाणी उडाल्यावर ५० ग्रॅम पांढरा दगड पॅडवर, पंपात आणि टाकीच्या बुडाशी उरतो. आठ-दहा दिवसांत एवढं पाणी सहज जातं. म्हणून नळाला नर्मदेचं पाणी येत असेल तर तेच भरा, आणि बोरिंगच भरावं लागत असेल तर दर आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करा. वर ताजं पाणी ओतत राहिल्याने क्षार दाटतच जातात. आठवड्याला रिकामी केल्याचा दुसरा फायदा डासांचा: डेंग्यूच्या डासाची अळी साधारण त्याच मुदतीत डास होऊन उडते. टाकी नुसती ओतून देऊ नका, कडा घासा, अंडी कडेला चिकटतात.

पंप गुणगुणतो पण पाणी चढवत नाही: प्लग काढा, पंप बाहेर घ्या, खालची जाळी आणि झाकण काढा. आत पंखी दिसेल. ती बोटाने मोकळी फिरली पाहिजे. नाही फिरत तर क्षारांनी जाम आहे. लिटरभर कोमट पाण्यात २० ग्रॅम, म्हणजे सपाट चार-पाच चमचे, लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड) विरघळवा आणि पंखी व झाकण तासभर बुडवून ठेवा. बुडबुडे येणं थांबलं की टूथब्रशने घासा. वायरीचा सांधा असलेला भाग द्रावणात बुडवू नका. ॲसिडची बाटली आणून ओतणाऱ्यांचे पत्रे आणि पंप दोन्ही जातात. हा पंप १८ ते ४० वॅटचा, सीलबंद, त्याच्या आतलं वाइंडिंग दुरुस्त होत नाही. साफ करूनही उठला नाही तर नवा घ्या, त्यात रडण्यासारखं काही नाही. कोरडा मात्र कधी चालवू नका. पाणी हेच त्याचं वंगण आणि तेच त्याला थंड ठेवतं.

पाणी चढतं पण एक पॅड कोरडाच राहतो: वरच्या नळीची भोकं बुजली आहेत, सुईने मोकळी करा. पॅडमधली गवतासारखी घास कडक, पांढरी, खाली बसलेली असेल तर बदला, धुऊन ती फक्त वास कमी देते. दाबून गच्च भरू नका. हाताला स्प्रिंगसारखी लागली पाहिजे, पलीकडचा उजेड पुसट दिसला पाहिजे. मधमाशीच्या पोळ्यासारखे पॅड दोन-तीन मोसम टिकतात, पण क्षारांनी भोकं बुजली की घासीपेक्षाही वाईट. आधी दहा मिनिटं नुसता पंप लावा, पॅड भिजू द्या, मग पंखा. कोरड्या पॅडवर पंखा लावला तर आतली धूळ सरळ तोंडावर येते.

कूलरच्या पंख्याचं दुखणं छताच्या पंख्यासारखंच: कपॅसिटर. आकडा वेगळा असतो, मोटरवर छापलेला वाचा. माळ्यावरून काढल्यावर शाफ्ट जड फिरत असेल तर बुशजवळच्या नमद्यावर (तेल धरणाऱ्या लोकरी पट्टीवर) शिवणयंत्राच्या तेलाचे तीन थेंब टाका आणि शाफ्ट हाताने पंचवीस-तीस वेळा फिरवा. खोबरेल टाकू नका, ते थिजतं आणि धूळ धरतं. बॉल-बेअरिंगवाल्या मोटरला तेल लागत नाही.

आता झटका. पत्र्याचा कूलर, ओली फरशी, अनवाणी पाय, हातात पाण्याची नळी. घरातली सगळ्यात धोक्याची वस्तू हीच. पाणी भरताना प्लग भिंतीतून काढायचा, दर वेळी, अपवाद नाही. कूलरला तीन पिनांचाच प्लग हवा आणि जाडी पिन खरोखर अर्थला जोडलेली हवी. सॉकेटमध्ये फेज आणि अर्थ यांच्यात मल्टिमीटर लावा: फेज-न्यूट्रलइतकेच, २३०च्या आसपास व्होल्ट आले पाहिजेत. फारच कमी आले तर अर्थ नावापुरता आहे. पंपाच्या वायरीचा सांधा टाकीच्या पाण्यापासून वर आणि पत्र्याला न टेकता बांधा, टेपवर टेप गुंडाळून पाण्यात सोडलेला सांधा आज ना उद्या उघडतो. आणि मेन बोर्डावर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) नसेल तर या उन्हाळ्यात मिक्सरऐवजी त्यावर पैसे घाला. एमसीबी वायर वाचवतो, माणूस वाचवतो तो आरसीसीबी. त्याचं ‘टी’ लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबून बघायचं असतं.

टुल्लू

नर्मदेचा नळ दिवसाआड, म्हणून टुल्लू, म्हणजे पाणी चढवायचा छोटा पंप, घरोघरी. नळाच्या लाइनला सरळ जोडू नका. ते नियमात बसत नाही, आणि लाइनीत पोकळी झाली की फुटक्या सांध्यांतून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. हौदातून टाकीत चढवा. सुट्टीला गावी जाऊन आल्यावर पंप घुंऽऽ करून बसतो: आतली पंखी गंजाने घराला चिकटलेली असते. प्लग काढा, मागचं पंख्याचं झाकण उघडा, शाफ्टच्या टोकाच्या खाचेत पेचकस घालून दोन्ही दिशांना फिरवा. मोकळा झाला की चालतो. घुंऽऽ करत असताना दहा सेकंदांपेक्षा जास्त बटण दाबून धरलं तर मात्र वाइंडिंग खरंच जळू शकतं. फिरतो पण पाणी ओढत नाही: तळातल्या फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा, किंवा ओढीच्या पाइपात हवा. वरून पाणी भरून बघा.

गीझर

गीझरला आकडेमोडीने पकडता येतं. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ५५वर न्यायला २ किलोवॅटला साधारण १८ मिनिटं लागतात. ३ लिटरच्या, ३ किलोवॅटच्या छोट्या गीझरला अडीच मिनिटं. तुमच्याकडे थोडे जास्त लागतील, टाकीचं अंगही तापतं. दुप्पट लागत असतील तर आधी व्होल्ट मोजा: २३०ऐवजी २०० असतील तर २ किलोवॅटचा रॉड १,५०० वॅटच देतो. पाणी कोमट होऊन दिवा बंद होत असेल तर थर्मोस्टॅट वीज लवकर तोडतो आहे.

रॉडवर क्षारांचा थर बसला म्हणून पाणी उशिरा तापतं, हा समज तितकासा बरोबर नाही. रॉड पाण्यातच असतो, उष्णता शेवटी पाण्यातच जाते. थराने रॉड स्वतः आतून लाल होतो आणि फुटतो. खूण आवाजाची: तापताना किटलीसारखी सळसळ, तडतड. तो येऊ लागला की बोरिंगच्या पाण्यावर दर वर्षी, नर्मदेच्या पाण्यावर दोन वर्षांनी रॉड काढून साफ करून घ्या. त्याच झाकणावर मॅग्नेशियमचा ॲनोड असतो. टाकीऐवजी तो गंजावा म्हणूनच ठेवलेला. निम्म्याहून झिजला असेल तर बदला. मेकॅनिक हा बदलायचं आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब गळणं स्वाभाविक आहे, पाणी तापून फुगतं. ते तोंड कधीही बंद करू नका. टाकीच गळत असेल तर वेल्डिंगच्या फंदात पडू नका, नवा घ्या. गरमच होत नसेल तर थर्मल कटआउटचं छोटं बटण एकदा दाबून बघा, पण आठवड्यात दुसऱ्यांदा उडालं तर ते का उडतं ते शोधा, त्याला वगळून वीज डायरेक्ट करू नका. थर्मोस्टॅट आणि कटआउट दोन्ही डायरेक्ट केलेला गीझर म्हणजे न्हाणीघरात टांगलेला बॉम्ब.

बाकीचं थोडक्यात

वॉशिंग मशीन पाणी भरत नाही म्हणते: मागच्या नळीच्या तोंडाशी जाळी असते, पावसाळ्यात गाळाने बुजते, पक्कडीने ओढून धुवा. तरीही नाही तर टाकीची उंची बघा. मशीनपासून ३ मीटर वर टाकी म्हणजे जेमतेम ०.३ बार दाब, पुष्कळ मॉडेलना तेवढा किमान लागतो. पाणी सोडत नाही: समोरच्या खालच्या झाकणातला फिल्टर, त्यात नाणं, हेअरपिन किंवा मोज्याचा दोरा. अर्ध-स्वयंचलित यंत्राचा ड्रायर फिरत नसेल तर झाकणाचा स्विच आणि ब्रेकची तार, मग कपॅसिटर.

फ्रीजच्या दाराच्या रबरात दहाची नोट अडकवून ओढा. सहज निघाली तर रबर सैल. मागची जाळी वर्षातून दोनदा झाडा. वीज गेल्यावर पाच मिनिटं थांबून लावा. बर्फ सुरीने खरवडू नका. गॅसचं काम घरी करायचं नाही, नव्या फ्रीजमधला आर-६००ए गॅस ज्वलनशील असतो. मायक्रोवेव्ह तर उघडायचाच नाही. त्याच्या कपॅसिटरवर २,००० व्होल्टच्या घरात भार असतो आणि प्लग काढल्यावरही तो राहू शकतो.

वॉरंटी असताना पेचकस लांब ठेवा

सील तोडलं की वॉरंटीचा वाद आपल्यावर उलटतो. आधी तक्रार नोंदवा. कंपनीचा नंबर इंटरनेटवर शोधू नका, तिथे वर दिसणारे ‘कस्टमर केअर’ पुष्कळदा ठगांचे असतात. खोक्यावरचा, वॉरंटी कार्डावरचा किंवा उपकरणाच्या लेबलवरचा नंबर लावा. स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगितलं किंवा ‘नोंदणीचे दहा रुपये’ मागितले की फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन करा.

मेकॅनिक आला की तक्रार क्रमांक विचारा, जॉब-शीट घ्या, आणि बदललेला जुना भाग परत मागा. वॉरंटीबाहेर पैसे देऊन बदललेला भाग तुमचा असतो. वॉरंटीत कंपनी तो नेते, तेव्हा निदान फोटो काढा. बिलांचेही फोटो काढून ठेवा, थर्मल कागदावरचं बिल उन्हाळ्याभरात कोरं होतं.

तीनदा येऊनही तोच दोष राहिला तर लेखी कळवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार टाका. सुट्या भागांची आणि सर्व्हिस सेंटरची माहिती एकत्र मिळावी म्हणून केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, तेही बघा. त्यानेही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्यानुसार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि वस्तू दुसऱ्या शहरातून मागवलेली असली तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. सोबत बिल, जॉब-शीटच्या प्रती आणि तारखांचा एक कागद जोडा.